कार्पेट ताणावे हत्याराने, गुडघ्याने नव्हे

कोणत्याही हुन्नरात हत्यार हे कारागिराचे अर्धे भांडवल असते. रंध्याला धार नसेल तर सुताराचे फर्निचर बिघडते, कात्री बोथट असेल तर शिंप्याचे कापड वाया जाते. ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागत नाही. परंतु आपल्या शहरांत एक धंदा असा आहे की, ज्यात हत्यार विकत घेण्याऐवजी कारागीर स्वतःच्या शरीराचा एक अवयव खर्ची घालतो आणि तो अवयव निकामी झाला की घरी बसतो. हा धंदा म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसविण्याचा, आणि तो अवयव म्हणजे गुडघा.

हॉटेले, लग्नाचे हॉल, सिनेमागृहे, बड्या कंपन्यांची कार्यालये आणि काही ठिकाणी मशिदी, अशा जागी हे काम निघते. ते शिकायला कॉलेजची पदवी लागत नाही, दुकान थाटावे लागत नाही. उस्तादाच्या हाताखाली दोनचार वर्षे काढली की तरुण स्वतंत्रपणे काम घेऊ लागतो. मुंबईत हात बसलेला कारागीर पुढे आखाती देशांतही रोजगार मिळवू शकतो. म्हणूनच या धंद्यात शिरणाऱ्या तरुणांनी, त्यांना काम देणाऱ्या ठेकेदारांनी आणि पैसे मोजणाऱ्या मालकांनी एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. कार्पेट ताणण्याचे योग्य हत्यार कोणते, आणि ते प्रत्येक कामावर का दिसत नाही?

गालिचा वेगळा, कार्पेट वेगळे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भदोही-मिर्झापूर पट्ट्यातला हाताने गाठी मारून विणलेला गालिचा आणि गुंडाळी उलगडून खोलीभर बसवायचे कार्पेट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भदोहीच्या हस्तनिर्मित गालिच्यांना २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. असा गालिचा अंथरायचा असतो. त्याला खिळ्यांवर ताणणे म्हणजे विणकराच्या मेहनतीवर पाणी ओतणे होय.

खोलीभर बसवायचे कार्पेट बहुधा टफ्टिंग पद्धतीने तयार होते. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी आहे. तेथे १८९५ साली कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने धाग्याचे गोंडे काढून एक पलंगपोस तयार केला. त्या घरगुती हुन्नरातून पुढे यंत्रे आली आणि डाल्टन ही कार्पेटची राजधानी म्हणून ओळखली जाऊ लागली. टफ्टिंगमध्ये सुया मूळ कापडातून धागे आरपार नेतात, मागे लॅटेक्सचा लेप देतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवतात. म्हणजे कार्पेट हा वरचा धागा, दोन कापडे आणि मधला रबरी थर यांचा मिळून झालेला एक पदार्थ असतो.

हवेतील ओल आणि उष्णता यांनी हा पदार्थ सैलावतो. पावसाळ्यात दमट हवा, दिवसभर वातानुकूलन, रात्री ते बंद, अशा फेऱ्यात सापडलेले कार्पेट सैल बसविलेले असेल तर काही महिन्यांतच त्याला लाटा येतात. लाटेच्या माथ्यावर पायांचे घर्षण जास्त होते आणि तेथला धागा आधी झिजतो. खुर्चीची चाके अडतात. वयस्कर माणसाचा पाय अडकून तो पडतो. मग मालक म्हणतो, माल हलका होता. दुकानदार म्हणतो, कारागीर कच्चा होता. वास्तविक माल चांगला आणि कारागीर हुशार असूनही असे घडते, कारण कार्पेट पुरेसे ताणलेलेच नसते.

ताण किती हवा?

कार्पेट बसविण्याचे जे मानक अमेरिकेतील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट या उद्योगसंस्थेने घालून दिले आहे, त्यानुसार कृत्रिम पाठीचे टफ्टेड कार्पेट लांबी आणि रुंदी अशा दोन्ही बाजूंनी १ ते १.५ टक्का ताणले पाहिजे. ऐकायला हे फारच थोडे वाटते. पण हिशेब करून पाहा. २० फुटांची खोली म्हणजे २४० इंच. त्यात १ टक्का म्हणजे २.४ इंच आणि १.५ टक्का म्हणजे ३.६ इंच. ३० फुटांच्या हॉलमध्ये हाच आकडा ३.६ पासून ५.४ इंचांपर्यंत जातो. खोलीभर पसरलेले जड कार्पेट चार-पाच इंच पुढे ओढून, ते तसेच धरून ठेवून खिळ्यांत बसवायचे आहे. हे काम गुडघ्याच्या धक्क्याने होईल काय? त्याच मानकात स्पष्ट म्हटले आहे की, नी-किकर हा पॉवर स्ट्रेचरचा पर्याय नव्हे.

विणीच्या कार्पेटला, उदाहरणार्थ ॲक्समिन्स्टरला, ताण वेगळा लागतो. तेथे कारखान्याच्या सूचना पाहाव्यात. जमिनीला थेट चिकटवायचे कार्पेट किंवा कार्पेटचे चौकोन यांना असे ताणायचेच नसते. तेथे दातेरी थापी, योग्य चिकटद्रव्य आणि वजनी रूळ ही हत्यारे महत्त्वाची. तात्पर्य, आधी काम ओळखावे आणि मग हत्यार निवडावे.

दोन हत्यारे, दोन कामे

नी-किकर हे हातभर लांबीचे हत्यार आहे. पुढे दातांचे डोके, मागे गादी. कारागीर एक गुडघा टेकून बसतो, दात कार्पेटमध्ये रुतवतो आणि दुसऱ्या पायाने, गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर, गादीला जोरात धक्का देतो. कार्पेट थोडे पुढे सरकते आणि ग्रिपर पट्टीच्या खिळ्यांत अडकते. सुरुवातीचा कोपरा पक्का करणे, कपाटाच्या आतले कोनाडे, जिन्याच्या पायऱ्या, दाराचा उंबरठा अशा चिंचोळ्या जागी किकर उपयोगी आहे. त्याला पेटीतून हद्दपार करा असे कोणी म्हणत नाही. दोष असा आहे की, हे मदतनीस हत्यार आपल्याकडे मुख्य हत्यार होऊन बसले आहे.

पॉवर स्ट्रेचर लांब असतो. त्याच्या नळ्या एकात एक जोडून खोलीच्या मापाइतक्या वाढवता येतात. शेपटाकडचा ठोकळा समोरच्या भिंतीला टेकतो आणि दातांचे डोके या भिंतीपासून सुमारे अर्ध्या फुटावर कार्पेटमध्ये रुतते. मग तरफेचा दांडा खाली दाबला की डोके कार्पेटला घेऊन पुढे सरकते आणि तेथेच कुलूपबंद होते. कारागीर सावकाश कार्पेट खिळ्यांवर दाबतो, दांडा उचलतो आणि पुढच्या जागी जातो. सगळा जोर समोरच्या भिंतीवर पडतो, माणसाच्या सांध्यावर नाही. ज्या तरफेने आपण जड दगड हलवतो, तिचाच हा उपयोग आहे.

स्ट्रेचर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, नळ्यांची एकूण लांबी आपण नेहमी घेतो त्या खोल्यांना पुरेशी आहे काय. दोन, दातांची खोली कमीजास्त करण्याची सोय डोक्यावर आहे काय. दातांनी कार्पेटची पाठ पकडली पाहिजे, पण खालच्या अंडरलेपर्यंत जाता कामा नये. दात फार खोल गेले तर अंडरले फाटतो आणि उथळ राहिले तर डोके घसरून वरचे धागे ओरबाडले जातात. तीन, शेपटाचा ठोकळा रुंद व मऊ अस्तराचा आहे काय. लाकडी स्कर्टिंग किंवा जिप्समची पातळ भिंत असेल तर ठोकळ्यामागे भक्कम फळी आडवी लावावी, म्हणजे जोर पसरतो आणि भिंतीला खड्डा पडत नाही. छोट्या खोल्या व पॅसेज यांसाठी आखूड, हलका स्ट्रेचरही मिळतो.

गुडघ्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिने १९९० साली कार्पेट बसविणाऱ्यांच्या गुडघ्यांविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. त्यातील आकडे डोळे उघडणारे आहेत. त्या देशाच्या एकूण कामगारांत कार्पेट बसविणारे ०.०६ टक्क्यांहूनही कमी होते. पण आघातामुळे गुडघा सुजल्याबद्दल भरपाईचे जे दावे झाले, त्यांतले ६.२ टक्के या एवढ्याशा वर्गाचे होते. म्हणजे अपेक्षेच्या १०८ पट. इतके प्रमाण दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात नव्हते.

याचे कारण उघड आहे. किकरला मारलेल्या एका धक्क्यात गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे चौपट जोर येतो, असे मोजमापात आढळले. ६० किलोच्या माणसाने धक्का मारला तर क्षणभर सुमारे २४० किलोचा भार. असे धक्के तासाला शंभराहून अधिक बसू शकतात. शिवाय दुसरा गुडघा तेवढा वेळ कडक जमिनीवर टेकलेला असतो. वाटीसमोरची द्रवाची पिशवी सुजते, पाणी धरते. कूर्चा झिजत जाते. तरुणपणी हे जाणवत नाही. रात्री तेल चोळले की सकाळी माणूस पुन्हा कामावर हजर. पण गुडघा सगळा हिशेब लिहून ठेवतो आणि चाळिशी-पन्नाशीत एकदम वसुली काढतो.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट कायद्याने मान्य झाली आहे. तेथे गुडघ्याच्या झिजेचा संधिवात हा व्यवसायजन्य रोग म्हणून प्रथम २००९ साली कोळसा खाणीतील कामगारांसाठी यादीत आला. २०१२ साली त्यात कार्पेट आणि फरशी बसविणाऱ्यांची भर पडली. अट अशी की, एकूण २० वर्षे किंवा अधिक काळ ते काम केलेले असावे. म्हणजे खाणीत रांगणारा मजूर आणि आलिशान हॉटेलात कार्पेट बसविणारा कारागीर, दोघांचे गुडघे कायद्याने एका पंक्तीला बसविले.

आपल्याकडचा कारागीर ही २० वर्षे सिद्ध कशी करणार? तो रोजंदारीवर. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. हजेरीपत्रकावर नाव नाही, पैशाची पावती नाही. गुडघा गेल्यावर त्याच्या हाती फक्त डॉक्टरची चिठ्ठी राहते. जिना चढवत नाही, जमिनीवर बसवत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या सज्द्यासाठी कार्पेट सरळ बसविले, त्याला स्वतःला खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते. त्याच्या या स्थितीची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

सबबी आणि त्यांचे उत्तर

याविषयी ठेकेदारांशी बोलले की ठराविक उत्तरे मिळतात. पहिले, "आमच्या कारागिराचा हात बसलेला आहे, त्याला मशीन लागत नाही." हात बसणे ही कौतुकाची गोष्ट आहे, पण ३० फुटांवर चार इंच ताण काढणे हा कौशल्याचा नव्हे, जोराचा प्रश्न आहे. कसबी माणसाचा गुडघाही हाडामांसाचाच असतो.

दुसरे, "स्ट्रेचर जोडण्यात वेळ जातो." जातो, हे खरे. परंतु लाटा आल्यावर पुन्हा बोलावणे आले की फर्निचर हलवा, कडा ग्रिपरवरून सोडवा, पुन्हा ताणा, वाढीव भाग कापा, यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. वाचविलेला वेळ असा दामदुपटीने परत करावा लागतो.

तिसरे, "मुंबईच्या खोल्या लहान, एवढे अवजड हत्यार कशाला?" ही सबब थोडी विचारात घेण्यासारखी आहे. पण १० फुटांच्या खोलीतही ताण १.२ ते १.८ इंच लागतो, आणि त्यासाठी आखूड स्ट्रेचर आहे. शिवाय मोठी कामे, जेथे खरा पैसा मिळतो, ती हॉलचीच असतात.

चौथे, "गुडघ्याला पॅड दिले आहेत." पॅड अवश्य हवेत. टेकलेल्या गुडघ्याला त्यांचा मोठा आधार आहे. पण किकरच्या धक्क्याचा भार पॅडने नाहीसा होत नाही. पॅड हे स्ट्रेचर न घेण्याचे निमित्त होऊ नये.

पेटीतील बाकीची हत्यारे

ताणलेले कार्पेट धरून ठेवते ती ग्रिपर पट्टी. तिचे खिळे भिंतीकडे झुकलेले असावेत. पट्टी आणि भिंत यांमधील फट कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी असावी आणि कोणत्याही परिस्थितीत १० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. पातळ कार्पेटला आखूड खिळे, जाडाला लांब. ३० फुटांहून मोठ्या हॉलमध्ये रुंद पट्टी वापरावी किंवा दोन पट्ट्या शेजारी लावाव्यात, नाहीतर काढलेला ताण एकेरी पट्टीला पेलत नाही. संगमरवर किंवा मोझॅकच्या जमिनीत खिळे ठोकण्यापूर्वी मालकाला विचारावे. लादी फुटली तर भांडण कारागिराच्याच गळ्यात पडते. तेथे चिकटद्रव्याने पट्टी बसविण्याचा विचार करावा आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय ताण देऊ नये.

सांध्यासाठी चिकट टेप आणि तिची खास इस्त्री वापरावी, घरची कपड्यांची इस्त्री नव्हे. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळू लागते. इस्त्री जास्त तापली की पाठीचे कापडच विरघळते आणि ताण दिल्यावर सांधा उघडतो. कापलेल्या कडांना सीलर लावल्याशिवाय सांधा जोडू नये. सांधा खिडकीच्या उजेडाच्या दिशेने न्यावा, आडवा घेतला तर तो दुरूनही दिसतो. कटरची पाती वेळोवेळी बदलावीत. बोथट पात्याला जोर लावताना ते निसटते आणि हाताला लागते.

मशिदीत सफांच्या रेषा असलेले कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवायचे असेल तर स्ट्रेचरची गरज दुप्पट. किकरचे धक्के कोठे कमी, कोठे जास्त बसतात आणि सरळ रेष धनुष्यासारखी वाकते. आधी दोरी मारून रेषा आखावी आणि मग सारख्या अंतरावर सारखा ताण द्यावा. जेथे पट्टे नुसते अंथरून ठेवले जातात तेथे हा प्रश्न येत नाही.

पैसे कोणी घालावेत?

वस्तुस्थिती अशी आहे की, स्ट्रेचर ही रोजंदारीच्या माणसाला सहज परवडणारी वस्तू नव्हे. किकर स्वस्त पडतो, कारण त्याची खरी किंमत गुडघा हप्त्याहप्त्याने भरतो. म्हणून फक्त कारागिराला उपदेश करून भागणार नाही.

पहिली जबाबदारी ठेकेदाराची. तो टेम्पो ठेवतो, मोबाइल ठेवतो, व्हिजिटिंग कार्ड छापतो. कार्पेटच्या धंद्यात स्ट्रेचर ही त्याहून आधी घेण्याची वस्तू आहे.

दुसरी जबाबदारी काम देणाऱ्याची. हॉटेलचा मालक असो, कंपनीचा व्यवस्थापक असो की मशिदीचे विश्वस्त, कार्पेटचा रंग निवडण्यात ते आठवडा घालवतात आणि बसविण्याचा दर ठरवताना फुटामागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. त्यांनी कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्यावी: कार्पेट लांबी व रुंदी दोन्हींत पॉवर स्ट्रेचरने ताणून बसविले जाईल. त्यासाठी थोडा जास्त दर द्यावा. काम झाल्यावर खोलीच्या मध्यभागी कार्पेट चिमटीत धरून उचलून पाहावे. नीट ताणलेले कार्पेट जेमतेम उचलले जाते आणि सोडताच सपाट बसते. या परीक्षेला एक मिनिट पुरते.

तिसरी गोष्ट कारागिरांनी स्वतः करायची. चारपाच जणांनी भिशी लावून एक स्ट्रेचर सामाईक घ्यावा. ज्याचे काम त्याने न्यावा, दुरुस्तीसाठी ठराविक रक्कम बाजूला टाकावी. बाहेरच्यांना तो भाड्याने देता येईल. आणि प्रत्येकाने एक वही ठेवावी. तारीख, जागा, ठेकेदाराचे नाव, किती चौरस फूट काम, हे रोज संध्याकाळी लिहावे. उद्या दर मागताना, परदेशी नोकरीसाठी अनुभव दाखवताना किंवा भरपाईची वेळ आलीच तर ही वहीच साक्षीदार होईल.

नवशिक्या मुलाच्या हाती उस्ताद प्रथम किकर देतो, कारण त्याच्या उस्तादानेही तेच केले होते. ही परंपरा येथे मोडली पाहिजे. मुलाला पहिल्या दिवसापासून स्ट्रेचर जोडायला शिकवावे, किकर कोठे वापरायचा आणि कोठे नाही हे दाखवावे. कार्पेट दहा-बारा वर्षांनी उचलून टाकतात आणि नवे आणतात. गुडघे मात्र एकाच जोडीवर सारे आयुष्य काढायचे असते.